गावची पोरं आणि आपली दिंडी

(शताब्दी सोहळ्यात आरमोरी येथे दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



मांडवाच्या मागे बांबूला टेकून उभी असलेली तरुण मंडळी. बाबांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. आज तुमच्याबद्दलच बोलायचं आहे, आणि ते तुमच्या पाठीमागे बोलायची आमची खोड आम्हाला मोडायची आहे.

पंगत आत्ताच उठली. डोळ्यांवर झापड यायची ही वेळ, त्यामुळे फार लांबण लावत नाही. सकाळच्या कीर्तनात महाराजांनी शंभर वर्षांचा इतिहास सांगितलाच आहे. वीणा कोणाकडून कोणाकडे आला, बैलगाडीच्या काळात मुक्काम कुठे पडत, सगळं त्यात आलं. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला वारी सोपी नव्हतीच. आषाढात रोवणी, कार्तिकात हलक्या धानाची कापणी. आमच्यातल्या एकाचे आजोबा म्हणत, पांडुरंगानं धानवाल्यासाठी एकही एकादशी मोकळी ठेवली नाही. तरी माणसं गेली. घरचा एक बांधीत राहिला, एक वारीला गेला, आणि शंभर वर्षं भरली.

आम्हाला बोलायचं आहे ते या शंभरातल्या एका वाईट वर्षाबद्दल. स्मरणिकेत हे छापावं की नाही, यावर समितीत दोन बैठका झाल्या. काही जण म्हणाले, सोन्यासारख्या ग्रंथात हे कशाला? शेवटी ठरलं की छापायचं, पण गावांची आणि माणसांची नावं द्यायची नाहीत. आम्ही म्हणजे दिंडीतले काही टाळकरी, दोन गावांच्या तंटामुक्त समितीतले काही जण, बचत गटाच्या चार बाया आणि एक निवृत्त गुरुजी. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी ऐकून दुरुस्त केलं.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, हे बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री वडशाच्या एखाद्या मंडळाचं नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. त्या रात्री दुसरा अंक संपला आणि तंबूच्या मागे अंधारात दोन गावची पोट्टी भिडली. आधी हातांनी, मग कुंपणाच्या बांबूंनी, आणि मग एकाच्या हातात चाकू आला. एकोणीस वर्षांच्या पोराचा डावा डोळा गेला. ज्यानं वार केला तो सतरा वर्षांचा. पहिल्याचे वडील आपल्या दिंडीत टाळकरी, दुसऱ्याचा काका आपला मृदंगी. दोन्ही पोरं लहानपणी एकाच ओट्यावर हरिपाठाला बसलेली.

पुढच्या आषाढीला दोन गावची माणसं एका ओळीत चालेनात. टाळ पुढे, मृदंग मागे, मधे पताकावाले आणि तुळशीवाल्या बाया. लोकांना वाटलं, दिंडी लांबली. आम्हाला माहीत होतं की ती तुटली होती.

त्या रात्री जे घडलं ते रात्री सुरू झालेलं नव्हतं. दोन महिने आधी शारदा विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचताना एकाला धक्का लागला आणि तो चिखलात पडला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला एक टिंगलीचं गाणं जोडलं आणि स्टेटसला ठेवलं. दोन्ही गावांनी तो पाहिला. आम्हीही पाहिला, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले काही जण हसले. चिखलात पडलेलं ते पोरगं दहावी नापास होऊन घरी बसलं होतं, हे गुरुजींना माहीत होतं. ते संध्याकाळी एकटंच पुलाकडे जातं, हे पानठेलेवाल्याला माहीत होतं. त्यानं चाकू घेतला, हे त्याच्या धाकट्या भावाला माहीत होतं. आईला इतकंच कळत होतं की पोरगं जेवत नाही. एकेकाकडे एकेक तुकडा होता, आणि ते तुकडे एका जागी आणून ठेवणारं कोणी नव्हतं.

झाल्यावर सगळे म्हणाले, दारू. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे, आणि ती सरकारनं आपण होऊन दिलेली नाही. गावागावांतल्या बायांनी, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसोबत चळवळ करून मिळवलेली आहे. पण वैनगंगेच्या पुलापलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिकडे बंदी आली १ एप्रिल २०१५ ला आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे आपल्या पोराला बंदीतून बाहेर पडायला एक पूल ओलांडावा लागतो. अलीकडेही मोहाची आणि गुळाची निघतेच, तुमच्याआमच्यात लपवण्यासारखं काय आहे? २०१६ पासून मुक्तिपथचं काम सुरू झालं, तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक आलं, गावात संघटना झाल्या, बायांनी सडवे फोडले. त्याचा फरक पडला. खर्रा मात्र अजून सुटत नाही, आणि या मांडवातही कोणाच्या गालात असेल तर त्यानं बाहेर जाऊन यावं.

पण ऐका. ज्यानं वार केला तो त्या रात्री प्यालेला नव्हता. मेडिकलमध्ये तसं निघालं, तेव्हा आमची तोंडं बंद झाली. दारूवर बोट ठेवलं की आपलं काम संपतं, म्हणून आपण ते ठेवतो. त्या पोराला अपमान लागला होता, आणि तो उतरवायला त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती.

ज्याचा डोळा गेला तो रोज पहाटे गडचिरोली रोडवर धावायचा. आपल्याकडे पहाटे रस्त्यानं निघालं की धावणारी पोरंपोरी दिसतात. पोलीस भरती म्हणजे आपल्या पोरांची पंढरीच म्हणा. त्याची भरती त्या रात्री संपली. बांबू घेऊन धावलेल्या आणखी काही पोरांची नावं गुन्ह्यात आली, चारित्र्य पडताळणीत ती निघणारच. आता त्यातली दोघं मिरची तोडायला तेलंगणात जातात. काम वाईट नाही, घाम गाळूनच खातात. पण त्यांना जायचं होतं दुसरीकडे.

आता आमच्या चुकीचं सांगतो. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, जे पुढे आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही झाले, त्यांच्या काळात. त्या समित्यांनी धुऱ्याचे, पाटाच्या पाण्याचे, भावाभावांच्या वाटणीचे कितीतरी तंटे मिटवले. पळून गेलेल्या पोरापोरीला हार घालून लग्न लावून देण्याचं काम तर विदर्भातल्या समित्यांनी इतकं केलं की लोक समितीला लग्न लावणारी समितीच म्हणू लागले. एक पाप मात्र कबूल करायला हवं. बक्षिसाच्या वर्षी आम्ही रजिस्टर भरावं म्हणून न झालेले तंटेही मिटवले होते.

या प्रकरणातही आम्ही तेच करायला निघालो. घरातलं घरात मिटवू म्हणून दोन्ही घरच्यांना देवळात बसवलं, उपचाराचा खर्च आणि वर काही रक्कम असा आकडा काढला. बीटचे हवालदार आले आणि म्हणाले, धारदार शस्त्रानं झालेली गंभीर दुखापत तुमच्या समितीत मिटत नाही, ते न्यायालयाचं काम आहे. आम्हाला राग आला. पण त्यांच्याआधी त्या पोराची आई बोलली होती. ती म्हणाली, "माझ्या पोट्ट्याच्या डोळ्याचा भाव करणारे तुमी कोण?" सगळी खाली मान घालून बसली. तिला उत्तर आजही नाही.

आपल्यातले जे आळंदीहून माउलींच्या सोहळ्यात चाललेत, त्यांनी समाजआरती पाहिली असेल. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या आवाजाच्या दिशेनं जातात, काय झालं ते ऐकतात, निवाडा होतो, आणि त्यानंतर आरती. आम्ही हे कितीदा पाहिलं, पण गावाला लावून पाहिलं नव्हतं. पोरांचा टाळ दोन महिने वाजत होता. आम्ही त्याला गोंगाट समजलो.

ही गोष्ट बैठकीत निघाली ती आमच्या सगळ्यांत म्हाताऱ्या टाळकऱ्याच्या तोंडून. त्यावरून ठरलं की तक्रार असणाऱ्याकडे आपण चालत जायचं. बोलणं सोपं होतं. पहिल्या बैठकीला पोरांना बोलावलं, समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या. दोन तास आम्हीच बोललो. संस्कार, मोबाईल, आमच्या वेळी कसं होतं. पोरं भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. उठताना बचत गटाची एक बाई म्हणाली, "पंगतीले बलावता, पत्रावळ मांडता, अन् वाढतच नाही."

दुसरी बैठक कबड्डीच्या मैदानावर घेतली, खुर्च्या नाहीत, सगळे मातीत. नियम एकच, पन्नाशीच्या वरच्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आमच्यातल्या काहींना ते दोन तास वारीपेक्षा जड गेले. पण पोरं बोलली. संध्याकाळी आम्ही बसायचं कुठं, हा पहिला प्रश्न. वाचनालय पाच वाजता बंद. देवळाच्या पायरीवर बसलो तर पुजारी उठवतात, पारावर बसलो तर म्हातारे उठवतात, मग उरतो पानठेला नाहीतर पूल. एक पोरगं म्हणालं, "घरी कोणी बोलतच नाही, बोलते तं शिव्याच देते." आणि एका मुलीनं, ती नर्सिंगचं शिकते, असा विषय काढला की सगळे गप्प झाले. मुलींचे फोटो स्टेटसला लावून भांडणं उकरली जातात, आणि मग भाऊ भावावर धावून जातो. तिला कोणी विचारलंच नव्हतं. आमच्या डोक्यात 'पोरांचा प्रश्न' म्हणजे पोट्ट्यांचाच प्रश्न होता.

त्यातून जे निघालं ते फार मोठं नाही, सांगायला थोडं ओशाळल्यासारखंच होतं. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं, किल्ली भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडे. मंडईच्या रात्री तंबूच्या मागच्या बाजूला चार बल्ब. होय, चार बल्ब. जिथं मारामारी झाली तिथं उजेड नव्हता, हे इतक्या दिवसांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नाटक जाहीर केलेल्या वेळेला सुरू करायचं, कारण दोन तास ताटकळलेली गर्दी आधीच तापलेली असते. दोन्ही गावची दोन-दोन पोरं, दोन बाया आणि बीटचा शिपाई, असे सात जण रात्रभर जागे. कोणाच्या हातात काठी नाही. पोरांनी शिट्टी मागितली, ती दिली.

शाळेशी ठरलं की आठवीनंतर कोणी सलग आठ दिवस आलं नाही तर गुरुजी समितीला कळवतील आणि घरी बाया जातील, पुरुष नाहीत. पुरुष गेले की बाप आधी पोराला मारतो, मग ऐकून घेतो. नापास झालेल्यांचे परीक्षेचे फॉर्म पुन्हा भरायचं काम निवृत्त गुरुजींनी अंगावर घेतलं. व्यसनात अडकलेल्याला क्लिनिकपर्यंत सोबत कोण जाणार हे नावानिशी ठरलं, कारण 'जा' म्हटल्यानं कोणी जात नाही.

एका गोष्टीवर मात्र खूप वाद झाला. पोलिसांना काय सांगायचं? दुसऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न साधा असेल. आपल्या जिल्ह्यात 'खबऱ्या' हा शब्द माणसाचा जीव घेतो. तो ठपका ठेवून माओवाद्यांनी किती माणसं मारली, हे दक्षिणेकडच्या गावांना विचारा. म्हणून पोरं म्हणाली, तुम्ही आमचं बोलणं ठाण्यात नेणार असाल तर आम्ही बोलत नाही. त्यांचं बरोबर होतं. हवालदारांचंही बरोबर होतं, की हत्यार आहे हे माहीत असून गप्प बसाल तर उद्या प्रेत उचलाल. तीन बैठकांनंतर रेघ आखली. राग, भांडण, प्रेमप्रकरण, स्टेटस, हे गावात राहील. हत्यार, बाहेरून बोलावलेली माणसं आणि लेकराबाळांवर अत्याचार, हे त्याच तासाला पोलिसांना कळवायचं, आणि कळवणार आहोत हे पोरांना आधीच सांगून ठेवायचं. ही रेघ दोन्ही बाजूंनी पाळली गेली म्हणून काम टिकलं. एकदा आमच्यातल्याच एकानं भरल्या चौकात एका पोराचं बोलणं फोडलं. सहा महिने पोरं बैठकीला आली नाहीत.

हे काही आपण जगात पहिल्यांदा केलं असं नाही. अमेरिकेत बॉस्टन नावाचं शहर आहे. १९९२ च्या मे महिन्यात तिथल्या एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीची पोरं आत घुसली आणि सगळ्यांदेखत एका तरुणाला भोसकलं. तोवर तिथले धर्मगुरू व्यासपीठावरून उपदेश करत होते. त्यानंतर त्यांच्यातले काही जण रात्री रस्त्यावर फिरू लागले, कोपऱ्यावर उभ्या पोरांशी बोलू लागले. १९९६ मध्ये पोलीस, तरुणांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आणि हे धर्मगुरू यांनी मिळून जी मोहीम चालवली, तिच्यानंतर तरुणांचे खून निम्म्याहून अधिक घटल्याचं अभ्यासकांनी मांडलं. आणि पुढे माणसं पांगली, मोहीम सैल पडली, तसे खून पुन्हा वाढले. आम्हाला त्यातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वारी एक वर्ष करून सोडली तर तिला वारी म्हणत नाहीत.

जवळचं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. चाळीसेक वर्षं या जंगलात पोरं पोरांना मारत आली. दलममध्ये गेलेला आपल्याच जिल्ह्यातला, सी-६० मधला जवानही आपल्याच जिल्ह्यातला, वयही तेच. १ मे २०१९ ला आपल्या शेजारच्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. सरकारनं २००३ मध्ये नक्षल गावबंदी योजना काढली, २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना आणली. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपतीनं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली, ते आपण टीव्हीवर पाहिलं. बंदूक ठेवणं हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो, फोटो निघतात. त्यानंतर तो माणूस कोणाच्या शेजारी राहणार, पोळ्याला त्याच्या बैलाशेजारी आपला बैल कोण उभा करणार, हे मुख्यमंत्री ठरवू शकत नाहीत.

आणि हाच प्रश्न त्या सतरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत आमच्यापुढे आला. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं. अठराच्या आतल्याला सुधारायची संधी द्यायची, त्याचं नाव छापायचं नाही, हे २०१५ चा कायदा सांगतो. गावात नाव लपत नाही हे वेगळं. तो परत आला. सहा-आठ महिने मामाकडे राहिला, शेळ्या चारल्या, दहावी पुन्हा दिली. मग एके दिवशी काकाला म्हणाला, मले वारीले यायचं आहे.

विषय दिंडीच्या बैठकीत आला. कोणी म्हणालं, दिंडी सगळ्यांची, वाळवंटात कोण कोणाला विचारतं? हे म्हणणारे सगळे असे होते ज्यांच्या घरात डोळा गेलेला नव्हता. कोणी म्हणालं, गळ्यात माळ घालून येऊ दे, म्हणजे खात्री. त्यावर मृदंगी काका स्वतःच म्हणाले, माळ ही जामिनाची कागदपत्रं नाहीत. शेवटी आम्ही आधी जायला हवं होतं तिथं गेलो, त्या टाळकऱ्याच्या घरी. पोराची आई चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. पोरगा होता. काळा चष्मा लावून तो आता आरमोरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, बाकीच्यांच्या भरतीचे अर्ज तोच भरून देतो. तो काही बोलला नाही. टाळकरी बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "चालू द्या त्याले. माझ्या ओळीत नको."

यंदा तो दिंडीत चालला. पाण्याच्या टँकरसोबत, सगळ्यांत मागे. मुक्कामावर पोचायच्या आधी टँकर पुढे जातो, तेव्हा तोच आधी पोचायचा आणि नळ सोडून उभा राहायचा. टाळकरी रांगेत आले की तो बाजूला व्हायचा, दुसरं कोणी त्यांच्या तांब्यात पाणी घालायचं. पंढरपूरपर्यंत असंच. आम्ही कोणीही मधे पडलो नाही, आणि पडूही नये असं आम्हाला वाटतं. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नसताना घाईनं गळाभेटी घडवून आणायचा अधिकार आम्हाला नाही.

मंडई जवळ आली आहे. सात जणांत यंदा दोन जागा रिकाम्या आहेत, एक पोरगा भरतीत लागला आणि एका मुलीचं लग्न झालं. मागे उभे असलेल्यांपैकी कोणाला यायचं असेल तर कीर्तन संपल्यावर मृदंगी काकांपाशी नाव द्या. बल्ब आणले आहेत, वायर अजून आणायची आहे.

रामकृष्ण हरी.